एका 'झाले'साठी इंग्रजीत किती क्रियापदे?

चोपडा तालुक्यातल्या मराठी शाळेतून मी जळगावला पदवीसाठी आलो, तेव्हा 'होणे' म्हणजे 'बिकम' हे माझ्या डोक्यात पक्के बसलेले होते. पहिल्या मुलाखतीच्या दिवशी एस.टी. रखडली आणि आत शिरताच मी 'सॉरी सर, आय बिकेम लेट' असे म्हणालो; समोरच्या तिघांपैकी एकाने हसू दाबलेले मला स्पष्ट दिसले. मराठीत उशीर 'होतो', इंग्रजीत मात्र माणूस उशिरा आलेला 'असतो', म्हणून तेथे 'आय अ‍ॅम लेट' एवढेच पुरते. घरची अहिराणीही येथे कामी येत नाही, कारण तिचे 'व्हयनं' आपल्या 'झाले'इतकेच ऐसपैस आहे.

सर्वांत जास्त फसगत लग्नाच्या वाक्यात होते. 'माझे लग्न झाले आहे' यात मांडवही येतो आणि पुढचा संसारही; इंग्रजीत मांडवासाठी 'गॉट मॅरीड' आणि संसारासाठी 'अ‍ॅम मॅरीड' अशी वाटणी आहे. 'लग्नाला दहा वर्षे झाली' याचे 'आय अ‍ॅम मॅरीड सिन्स टेन इयर्स' असे भाषांतर आपल्याकडे सर्रास ऐकू येते, पण हवे असते 'आय हॅव बीन मॅरीड फॉर टेन इयर्स'. म्हणून वाक्य जुळवण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो, की ऐकणाऱ्याचा प्रश्न 'कधी?' असेल की 'किती दिवसांपासून?' पहिल्याला 'गेट' चालते, दुसऱ्याला 'बी'चेच रूप लागते.

बदल दाखवणाऱ्या क्रियापदांचा फरक मला केळीच्या वखारीत उमगला. हिरवा घड पिवळा झाला की 'टर्न्ड यलो'. तोच फार दिवस राहून खराब झाला की 'वेंट बॅड'. 'गो' बहुधा नकोशा बदलासाठी येते: दूध नासले, टक्कल पडले, दृष्टी गेली. आपले 'पडणे' असेच वागते, हे लक्षात आल्यावर मला फार गंमत वाटली. मात्र 'आजारी पडला' याला 'वेंट सिक' म्हणू नये; तेथे 'फेल इल' किंवा 'गॉट सिक' म्हणतात.

'बिकम' अगदीच टाकाऊ नाही. 'ती तलाठी झाली' यात पुढे नाम आहे, तेथे 'गेट' चालतच नाही आणि 'बिकेम'च लागते. मात्र आई साठ वर्षांची झाली, तर 'शी टर्न्ड सिक्स्टी'. त्या दिवसापासून वर्षभर 'शी इज सिक्स्टी'.