रिकाम्या पत्त्याने अडवलेलं इथरनेट

गोव्यात वेर्ण्याला आम्ही लिनक्स चालवणाऱ्या सर्किट बोर्डांवर काम करतो. ऐन आषाढात नवा बोर्ड आला आणि इथरनेट उठेचना. एमडीआयओ बस, म्हणजे फाय चिपशी (नेटवर्क केबलवरचे सिग्नल सांभाळणारी चिप) बोलायची वाहिनी, नोंदवतानाच टाइमआउट, म्हणजे वेळेत काम न झाल्याची चूक. दोन दिवस सोल्डरिंगवर संशय घेतला, उगाच.

या बसवर ३२ पत्ते, ० ते ३१. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एकेका पत्त्यावर चिपची ओळख सांगणारं रजिस्टर वाचतो; हेच स्कॅन. तिथे कोणी नसेल तर पुल-अपमुळे (तार १ वर ओढून धरणाऱ्या रोधामुळे) सगळे बिट १ येतात आणि तो पुढे सरकतो. आमचा ही बस चालवणारा कंट्रोलर मात्र 'उत्तर नाही' असा बिट लावायचा आणि त्याचा ड्रायव्हर (कर्नलमधला त्याला हाताळणारा कोड) त्यालाच टाइमआउट म्हणायचा. 'उपकरण नाही' या चुकीवर स्कॅन चालू राहतं, टाइमआउटवर अख्खी नोंदणी रद्द. आमची फाय चिप ४ वर, स्कॅन मेलं ० वरच! गोव्यात बंद घरं काय कमी आहेत? एका दाराला कुलूप दिसलं म्हणून पोस्टमन अख्ख्या वाड्याचं टपाल परत नेत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची: तो 'उत्तर नाही' बिट दिसला की ईनोडेव्ह, म्हणजे 'उपकरण नाही' ही चूक, परत करायचं. बिझी बिट (काम चालू असल्याची खूण) उतरतच नसेल तर टाइमआउट तसाच ठेवला, कारण तिथे कंट्रोलर खरंच अडकलेला असतो. नंतर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कुठे आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात) फायचा पत्ताही लिहून टाकला; आता बाकीची दारं वाजवावीच लागत नाहीत.