काळ्या शर्टावर फक्त उजेड छापा

अवकाशाचा टी-शर्ट घरी स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई ओढून, छापायचा असेल तर शर्ट काळा घ्या आणि शाई एकच, पांढरी. अंधार कापडात आधीच आहे, आपण छापायचा तो निव्वळ उजेड. जांभळे-गुलाबी तेजोमेघ चार रंगांत छापायची हौस मीही भागवून घेतली आहे. रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत आणि तेजोमेघाचं शेवाळ झालं.

छातीवर डोंगररांगांसारख्या पांढऱ्या रेघा असलेला तो प्रसिद्ध काळा शर्ट आठवतो? त्या रेघा म्हणजे १९६७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सारचे, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओलहरींचे ठोके देणाऱ्या फिरत्या ताऱ्याचे, ठोके. दर १.३४ सेकंदाला एक, असे एकाखाली एक रचलेले. हॅरल्ड क्राफ्ट यांच्या १९७० च्या प्रबंधातला हा आलेख. १९७९ मध्ये डिझायनर पीटर सॅव्हिल यांनी एका ब्रिटिश बँडच्या अल्बमसाठी तो उलटा केला: पांढऱ्यावर काळ्याऐवजी काळ्यावर पांढरा.

आपल्यालाही तेच करायचंय, आणि पहिल्यांदा छापणारा हमखास इथेच चुकतो. जाळीवर इमल्शन, म्हणजे उजेडात घट्ट होणारा लेप, लावतात आणि त्यावर चित्राची पारदर्शक फिल्म ठेवून उजेड देतात. फिल्मवर जिथे काळं असतं तिथे प्रकाश अडतो, तिथलं इमल्शन कच्चं राहून पाण्याने निघून जातं आणि तिथूनच शाई उतरते. म्हणजे चंद्राचा उजळ भाग फिल्मवर काळा हवा. फोटो आहे तसा प्रिंट केलात तर शर्टावर काळा चंद्र आणि भोवती पांढरंफेक आकाश येईल. माझ्याकडे असा एक आहे, झोपताना घालते.

चित्र शोधायला नासाचे फोटो उत्तम, बहुतेकांवर कॉपीराइट नसतो. नासाच्या बोधचिन्हाला मात्र परवानगी लागते, आणि सिनेमातली पात्रं विकायच्या शर्टावर नकोतच. अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी ७ डिसेंबर १९७२ ला टिपलेली पूर्ण पृथ्वी घ्या. मूळ फोटोत दक्षिण ध्रुव वर आहे. मी तो तसाच छापते. ‘उलटा छापलाय’ असं कुणीतरी सांगतंच, मग गप्पा रंगतात.

छटा दाखवायला फोटोचे हाफटोन, म्हणजे लहान-मोठे, ठिपके करावे लागतात. पांढरी शाई जाड असते, तिला ४३टी ची (सेंटिमीटरला ४३ धागे) मोकळी जाळी लागते आणि त्या जाळीवर बारीक ठिपके टिकत नाहीत. इंचाला ठिपक्यांच्या २५ ओळी पुरे. जवळून नुसते ठिपके दिसतात, चार पावलं मागे गेलं की पृथ्वी. रेघांचं चित्र असेल तर एक पॉइंटहून (साधारण ०.३५ मिलिमीटर) बारीक रेघ ठेवू नका.

इमल्शन दोन्ही बाजूंनी पातळ ओढा, अंधारात आडवं वाळवा. एक्स्पोजची, म्हणजे उजेड देण्याची, वेळ प्रत्येक दिव्याला वेगळी. आधी छोट्या तुकड्यावर पाहून घ्या, फ्रेम वाया घालवू नका.

छापताना शर्टाच्या आत पुठ्ठा सरकवा. चित्र गळ्यापासून चार बोटं खाली. मी पोटावर छापलेले ग्रह पाहिलेत, वाईट दिसतात. फ्रेम कापडापासून दोन-तीन मिलिमीटर उचललेली ठेवा, स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) तिरकी धरून एका दमात ओढा. पांढऱ्याला एक हात पुरत नाही. पहिला हात हेअर ड्रायरने बोटाला न लागण्याइतका सुकवा आणि शर्ट जागचा न हलवता दुसरा मारा. हलला तर पृथ्वीला जुळी बहीण होते. पूर्ण वाळल्यावर वर सुती कापड ठेवून इस्त्री करा. किती वेळ ते शाईच्या डब्यावर लिहिलेलं असतं. धुताना शर्ट उलटा करून, गार पाण्यात.

शेवटी पिनहोल. इमल्शनमध्ये धूळ बसली की सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात आणि शर्टावर नको तिथे पांढरे ठिपके उमटतात. अवकाशाच्या शर्टात ते तारे म्हणून खपतात, मी अर्धे तसेच सोडते. पण एकदा चंद्रकोरीच्या दोन टोकांमध्ये एक ठिपका राहिला. भाचीने बघितलं आणि म्हणाली, ‘‘मावशी, हा तारा चंद्राच्या आरपार कसा काय दिसतोय गं?’’ कोरीच्या पोकळीत चंद्राचाच न उजळलेला भाग असतो, तिथे तारा दिसणारच नाही. तेव्हापासून फ्रेम उजेडासमोर धरून ती जागा आधी तपासते आणि सापडेल त्या भोकाला टेप लावते.