शांत घर, संमिश्र मांडणी: आशियाई परंपरांचा मेळ कसा घालावा

आशियाई धाटणीचे घर म्हटले की बुद्धाचे मस्तक, कुंडीतला बांबू, कागदी कंदील आणि भिंतीवरचा लाल पंखा असा एक ठरावीक संच डोळ्यांसमोर येतो. या सगळ्या वस्तू एका खोलीत जमा केल्या, तर घर शांत होण्याऐवजी भेटवस्तूंच्या दुकानासारखे दिसू लागते. या परंपरांकडून खरोखर घेण्यासारखे आहे ते म्हणजे जागा वापरण्याची रीत: कुठे बसावे, काय झाकून ठेवावे, उजेड किती असावा आणि कोणती जागा मुद्दाम रिकामी सोडावी. कुटुंबाच्या घरात, जिथे मुले, ज्येष्ठ आणि त्यांचा पसारा हे सगळेच गृहीत धरावे लागते, तिथे या रीतीचा उपयोग शोभेच्या वस्तूंपेक्षा कितीतरी अधिक होतो.

कामाची सुरुवात दारापासून करावी. जपानी घरातील ‘गेनकान’ म्हणजे प्रवेशाची अशी जागा, जिथली जमीन घराच्या जमिनीपेक्षा एक पायरी खाली असते. पादत्राणे तिथेच उतरतात आणि बाहेरची धूळ तिथेच थांबते. तयार घरात अशी पायरी करता येत नसेल, तर दाराजवळच्या जागेची फरशी वेगळी ठेवावी किंवा तिथे जाड काथ्याची चटई टाकावी, बसून बूट काढता येतील असा एक बाक ठेवावा आणि चपलांसाठी बंद दारांचे कपाट करावे. दप्तरे, छत्र्या आणि किल्ल्या यांनाही इथेच जागा मिळाली, की दिवाणखान्यातला निम्मा गोंधळ आपोआप टळतो.

त्यानंतर बसण्याची उंची ठरवावी, कारण बाकीची सगळी मांडणी तिच्यावर अवलंबून असते. आशियात जमिनीवर बसण्याची आणि उंच आसनावर बसण्याची अशा दोन्ही पद्धती पूर्वापार आहेत. जपानमध्ये तातामी, म्हणजे साधारण ९० बाय १८० सेंटिमीटर मापाची गवती चटई, हीच खोली मोजण्याचे परिमाण ठरली. कोरियात ‘ओन्दोल’ या जमिनीखालून ऊब देणाऱ्या व्यवस्थेमुळे बैठक जमिनीवरच राहिली आणि तिथल्या पेट्या व कपाटेही खाली बसलेल्या माणसाच्या नजरेला साजतील इतकी ठेंगणी झाली. चीनमध्ये मात्र सोंग काळापर्यंत (९६०–१२७९) खुर्चीचा वापर रूढ झाला होता, आणि पुढे मिंग काळातील (१३६८–१६४४) खुर्च्या आपल्या साध्या रेषा व खिळ्यांऐवजी खाचांवर बेतलेले सांधे यांसाठी नावाजल्या गेल्या. म्हणूनच एकाच खोलीत जमिनीवरची गादी आणि हातांची खुर्ची एकत्र आली, तर त्यात विसंगत असे काही नाही. मुलांसाठी गाद्या, लोड आणि ३० ते ३५ सेंटिमीटर उंचीचे मेज ठेवावे. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी मात्र सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीची, उठताना आधार देणारी खुर्ची हवीच. केवळ शैलीखातर आजीला जमिनीवर बसवणारी सजावट माझ्या मते फसलेली सजावट होय. बैठक खाली असेल, तर चित्रेही नेहमीपेक्षा खाली टांगावी लागतात, अन्यथा बसलेल्या माणसाला ती छताजवळ तरंगत असल्यासारखी वाटतात.

भिंती, जमीन आणि मोठे फर्निचर ही पार्श्वभूमी मानून ती मुद्दाम साधी ठेवावी. उबदार पांढरा, मातकट किंवा वाळूसारखा रंग, मॅट पोत आणि लाकडाच्या फार तर दोन छटा, एक फिकट व एक गडद, एवढे पुरेसे होते. तिसरी छटा आली, की डोळ्याला जुळवाजुळव करावी लागते.

आता मिश्रणाकडे वळू. संमिश्र शैली म्हणजे आवडेल ते उचलणे असा समज आहे. शांत मिश्रणात मात्र वस्तूंमध्ये काहीतरी नाते असावे लागते आणि सुदैवाने आशियाच्या व्यापाराने अशी नाती भरपूर निर्माण केली आहेत. निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचे उदाहरण घ्यावे: चौदाव्या शतकात चीनमधील जिंगदेझेन येथील भट्ट्यांत इराणकडून आलेला कोबाल्ट वापरला जाऊ लागला, त्या भांड्यांचा प्रभाव परत पश्चिमेकडे इराणवर व तुर्कस्तानातील इझनिकवर पडला आणि सतराव्या शतकात जपानमधील आरिता येथेही तशीच भांडी घडू लागली. त्यामुळे इझनिक धाटणीची फरशी आणि आरिताचा वाडगा एका फळीवर ठेवले, तर ते परके वाटत नाहीत. निळीचेही तसेच आहे. भारतीय ठशांचे कापड, जपानी नीळरंगी सुती वस्त्र, जावाचे बाटिक आणि दक्षिण चीनमधील मेणाने नक्षी झाकून रंगवलेले कापड या सर्वांत तोच रंग फिरताना दिसतो. विणकामात पाहायचे, तर ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवण्याची दुहेरी इकत ही अवघड पद्धत भारतात, इंडोनेशियात आणि जपानमध्ये आढळते. गुजरातमधील पाटणचा पटोला आणि बालीतील तेंगनान गावचे गेरिंगसिंग ही तिची ठळक रूपे आहेत. असा एक धागा निवडून तो घरभर फिरवावा, म्हणजे उशीच्या अभ्र्यात, पडद्याच्या काठात, एखाद्या फुलदाणीत. एका खोलीत ठळक नक्षी एकाच वस्तूवर असावी. गालिचा नक्षीदार असेल, तर पडदे आणि उशा सपाट रंगाच्या ठेवाव्यात.

रिकामी जागा हाही मांडणीचाच भाग आहे. जपानी बैठकीच्या खोलीतील ‘तोकोनोमा’ या कोनाड्यात एखादे लटकते चित्र आणि फुलांची रचना एवढेच मांडतात व ऋतूनुसार ते बदलतात. घरात असा एकच कोनाडा किंवा एकच फळी राखून ठेवावी, संग्रहातील बाकीच्या वस्तू पेटीत ठेवाव्यात आणि अधूनमधून अदलाबदल करावी. बदलण्याचे काम मुलांकडे दिल्यास नदीकाठचा गोटाही तिथे मानाने येतो, आणि यावाही. हे जमायचे असेल, तर झाकलेली साठवण भरपूर लागते. उघड्या फळ्या कमी आणि दारांची कपाटे जास्त, शिवाय खेळण्यांसाठी मुलांच्या हाताला येतील अशा वेताच्या झाकणाच्या टोपल्या, अशी विभागणी कुटुंबाला परवडते.

उजेडाबाबत एवढे पाळावे, की छताच्या मध्यभागी एकच प्रखर दिवा नसावा. बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीजवळ, सुमारे २७०० केल्विनचा पिवळसर प्रकाश देणारे तीन-चार दिवे विखरून ठेवावेत. जपानी-अमेरिकी शिल्पकार इसामू नोगुची यांनी १९५१ मध्ये जपानमधील गिफू येथील कंदील पाहून बांबूच्या काड्या आणि तुतीच्या सालीचा कागद यांपासून दिव्यांची मालिका सुरू केली. बल्ब झाकून प्रकाश पसरवण्याचे कागदाचे ते काम दिव्यावर बसवलेल्या साध्या कागदी आवरणानेही साधते. अभ्यासाच्या मेजावर मात्र स्वतंत्र, नेमका दिवा हवा.

लहान मुले असलेल्या घरात काही गोष्टी टाळता येत नाहीत. कागदी सरकते पडदे फाटणारच, तेव्हा प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद वापरावा. उंच कपाटे आणि खणांच्या पेट्या भिंतीला घट्ट बांधाव्यात, बांबूच्या पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या मुलांच्या हाती येणार नाहीत इतक्या उंच गुंडाळाव्यात आणि जुन्या रंगवलेल्या लाकडाच्या रंगात शिसे असू शकते, हे लक्षात घेऊन ते मुलांच्या खोलीत तपासल्याशिवाय ठेवू नये. तातामी आणि वेत यांना दमटपणात बुरशी येते, तर कोरड्या हवेत व थेट उन्हात वेताला भेगा पडतात. लाखकामही उन्हापासून दूर ठेवावे.

पूजनीय प्रतिमांविषयी स्पष्ट मत असावे. बुद्धमूर्ती जमिनीवर, न्हाणीघरात किंवा मद्याच्या कपाटाशेजारी ठेवणे बौद्ध समाजात अनादराचे मानले जाते, आणि नुसत्या मस्तकाची प्रतिकृती ही तर मंदिरांतील मूर्तींची शिरे तोडून नेल्याच्या इतिहासाची आठवण करून देते. श्रद्धा नसेल, तर अशी प्रतिमा न आणणे हेच योग्य. तिच्याऐवजी एखादे सुंदर भांडे पुरते.

खरेदीचा क्रम आधी साठवण, मग बैठक, मग दिवे आणि शेवटी गालिचा व शोभेच्या वस्तू असा ठेवावा. गालिच्याचे माप कागदावर ठरवण्यापेक्षा त्याच आकाराची जुनी चादर आठवडाभर जमिनीवर अंथरून ठेवावी, मुले कुठे खेळतात, मेज कुठे सरकते आणि दार उघडताना कडा अडकते का, हे पाहावे आणि नंतरच पैसे मोजावेत.