थारला मोठे टायर घालण्याआधी खडू काढा

थारवाला गॅरेजात आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तेहतीस इंची बसवा." गाडी कुठं फिरते विचारलं की कळतं, कराड-पाटण, मळ्याची वाट, कधीतरी सडावाघापूरचं पठार आणि पावसाळ्यात एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. एवढ्याला तेहतीस लागत नाही. एक साइज वाढवा, तीही उंचीसाठी. रुंदीचा हव्यास नको. ती एक साइज नीट कशी बसवायची तेवढं सांगतो.

आधी हिशेब. २०२० साली आलेल्या थारला दोन मापं येतात. साध्या मॉडेलला लोखंडी रिमवर २४५/७५ आर १६ आणि वरच्या मॉडेलला अलॉयवर २५५/६५ आर १८. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा, इंचात. २४५ चे ७५ टक्के १८३.७५, वर आणि खाली मिळून ३६७.५. त्यात रिमचे १६ गुणिले २५.४ म्हणजे ४०६.४ मिळवा. उभा व्यास ७७३.९ मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच. हाच हिशेब अठराच्या अलॉयवाल्याचा केला तर ७८८.७ येतात, म्हणजे त्याची गाडी शोरूममधूनच एकतीस इंची आलेली असते. हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडं संशयानं बघतं.

आता सोळाच्या रिमवर २६५/७५ घातला तर व्यास ८०३.९ होतो. वाढ तीस मिलिमीटर. गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते, पंधरा मिलिमीटर. २८५/७५ घातला तर ८३३.९, हाच तो तेहतीस इंची. त्यानं गाडी मूळच्यापेक्षा तीस मिलिमीटर उचलली जाते. म्हणजे पहिल्या साइजवर आणखी पंधरा मिलिमीटर मिळवायला बंपर कापा, लिफ्ट म्हणजे उंच स्प्रिंगा घाला, पिकअप घालवा. मला हा व्यवहार पटत नाही. ज्यांना दर रविवारी खडकात गाडी घालायचीय त्यांचं निराळं.

उंच घ्या आणि गरजेपेक्षा रुंद नको, यालाही कारण आहे. आपल्याकडचा चिखल काळ्या मातीचा आणि बऱ्याच ठिकाणी खाली मुरूम. अरुंद टायर चिखल कापून मुरमाला टेकतो. रुंद टायर वरच तरंगत फिरतो. वाळूत रुंदीचा फायदा होतो, पण वाळू आपल्या रोजच्या वाटेवर नाही.

नक्षी कुठली, यावर वाद घालत बसू नका. काळी माती एटी, म्हणजे सगळ्या रस्त्यांसाठीच्या ऑल-टेरेन टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो, हे खरं. एमटी, म्हणजे चिखलाचा मड-टेरेन टायर फिरवला की माती फेकून देतो. पण तोच एमटी डांबरावर घोंगावतो आणि ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते. घाटातल्या पावसात ते मला नको. गाडीचं बहुतेक चालणं डांबरावर असेल तर एटी.

टायर बघायला गेलात की बाजूवरची तीन अक्षरं-आकडे वाचा. पहिला लोड इंडेक्स. मूळ टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली जायचं नाही. १११ म्हणजे एका टायरवर १०९० किलो. दुसरं, मापाआधी एलटी, म्हणजे लाइट ट्रक, लिहिलंय का. एलटी टायर जाड बाजूचा, दगडाला चिवट, पण चार-पाच किलो तरी जड, आणि तेवढंच वजन उचलायला त्याला हवा जास्त लागते. तिसरा, चार आकडी तारीख. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मोठी मापं दुकानात पडून असतात, म्हणून हे बघायचंच. जून २०२० पासून परदेशी टायर आणायला सरकारी परवाना लागतो, त्यामुळं आज दिसलेलं माप पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. पाच घ्यायचे. चार नव्हे. का ते पुढं येईल.

रिमवरही आकडा कोरलेला असतो, अमुक जे, म्हणजे रिमची रुंदी इंचात. २६५/७५ आर १६ ला रिमची रुंदी ७ ते ८ इंच लागते. रिम त्याहून अरुंद असेल तर टायर मधोमध फुगून मधूनच झिजतो आणि हवा कमी केल्यावर कडेवरून सुटायची भीती. मापात असेल तर लोखंडी रिम बदलू नका. दगडावर वाकलं तर ठोकून सरळ होतं. अलॉयला तडा गेला की गाडी तिथंच.

आता मुख्य काम. पाच टायर घेण्याआधी दुकानदाराला सांगून एकच टायर रिमवर चढवून घ्या. आधी बोलून ठेवलं तर बहुतेक जण तयार होतात. तो पुढं उजवीकडं लावा. गाडी सपाट जागेवर उभी आहे, चाक सरळ आहे, टायर आणि मडगार्डमध्ये हात जातोय, आणि सगळे म्हणतात बसला. यावर विश्वास ठेवू नका. टायर घासतो तो चाक पूर्ण वळलेलं असताना आणि स्प्रिंग पूर्ण दबलेली असताना. ती अवस्था उभ्या गाडीत आणून बघायची.

त्यासाठी टायरच्या दोन्ही खांद्यांना, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथं, गोल फिरवून खडू घासा. ओला करून घासला तर चांगला उमटतो. मग एखादा ठणठणीत बांध शोधा आणि गाडी त्यावर तिरकी घाला, अशी की पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक वर, बाकीची दोन लोंबकळत. वरची दोन चाकं तेव्हा आत दबतात. बांध नसेल तर लाकडी ओंडके चालतात. सिमेंटच्या विटा अजिबात नकोत, त्या सांगून फुटत नाहीत. एक जण आत बसेल, इंजिन चालू, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश. बाहेरच्यानं मडगार्डात हात घालायचा नाही. मग इंजिन बंद, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, रिकाम्या चाकांखाली दगड, आणि मग हातबॅटरी घेऊन आत बघायचं. जिथं खडू लागला तिथं टायर लागणार. खडू लागला नाही पण फट बोटापेक्षा कमी आहे, तर तीही लागणारच समजा. चिखल भरला की बोटभर फट उरत नाही. टायर डाव्या बाजूला लावून हेच पुन्हा. दोन्ही बाजू सारख्या नसतात. शेवटी मागंही एकदा लावून बघा, तिथं चाक वळत नसलं तरी दबतं.

खडूचे डाग बहुतेक याच जागी सापडतात: बंपरची खालची बाहेरची कड, आतलं प्लास्टिक लायनर, मागचा मडफ्लॅप, आणि आतल्या बाजूला सस्पेन्शनचे लोखंडी भाग. पहिल्या तिन्हींवर इलाज सोपा. मडफ्लॅप काढा किंवा मागं सरकवा. लायनर हीट गननं तापवून आत दाबा. वितळवू नका, मऊ झालं की पुरे. बंपरची कड पेन्सिलनं आखून थोडी थोडी कापा, प्रत्येक कापानंतर स्टिअरिंग फिरवून बघा. एका झटक्यात इंचभर कापणारे कारागीर असतात, त्यांच्या हातून करवत काढून घ्या. पत्र्याला कुठं ग्राइंडर लागला तर त्याच दिवशी प्रायमर आणि रंग, नाहीतर कोयनेच्या पावसात तिथून गंज सुरू. चॅसिसला मात्र हात लावायचा नाही.

चौथा डाग, आतल्या लोखंडावरचा, असेल तर तिथं कापाकापी नाही. तिथं ऑफसेटचा, म्हणजे रिम हबला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे त्याचा, विचार करावा लागतो. कमी ऑफसेटचं रिम चाक बाहेर ढकलतं, आतली फट वाढते. पण बाहेर गेलेलं चाक वळताना मोठा फेरा घेतं आणि बंपरला आधीपेक्षा लवकर लागतं, शिवाय बेअरिंगवर जास्त जोर येतो. म्हणजे आतलं दुखणं बाहेर आलं. दहा-वीस मिलिमीटरचा फरक असेल तर ठीक. त्याहून जास्त लागत असेल तर माप चुकलंय, टायर दुकानात परत. रिमच्या मागं स्पेसरची चकती घालून फट काढायला मला सांगू नका.

लिफ्टबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना पटवून द्यावी लागते. उंच स्प्रिंगा घातल्या की टायर घासायचा थांबतो, हा समज अर्धाच खरा. उभ्या गाडीत फट वाढलेली दिसते. पण जोराचा खड्डा बसला की चाक बंप स्टॉपपर्यंत वर येणारच, आणि तो रबरी ठोकळा होता तिथंच आहे. लिफ्टनं चाक तिथपर्यंत कमी वेळा जातं एवढंच. शेवटची फट वाढवायची तर बंप स्टॉप लांब करावा लागतो, मग चाकाची वर यायची चाल कमी होते. शिवाय या थारला पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे. गाडी उचलली की पुढच्या शाफ्टांचा कोन वाढतो, रबरी बूट लवकर फाटतात, आणि फाटलेल्या बुटात काळी माती गेली की सांधा काय झाला ते आवाजच सांगतो. २६५/७५ साठी लिफ्टची घाई नको. आधी खडूचा निकाल बघा.

निकाल चांगला लागला की बाकीचे टायर आणा. फिटिंगला फार बोलण्यासारखं नाही. बॅलन्सिंग करून घ्या. हवेचं प्रेशर दाखवणारे सेन्सर चाकात असतील तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, मशीनच्या फटक्यात तो तुकडा पहिला तुटतो. जॅकबरोबर घोडी लावल्याशिवाय चाक काढायचं नाही. नटं समोरासमोर आळीपाळीनं, टॉर्क पान्यानं, गाडीच्या पुस्तकात जेवढा लिहिलाय तेवढीच. एअर गननं कचाकच आवळलेली नटं रस्त्यावर तुमच्या पान्यानं सुटत नाहीत. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. अलाइनमेंट शेवटी.

पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, हीही त्याच मापाची हवी. थारचं फोर बाय फोर तात्पुरतं लावायचं असतं, आणि लावलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. एक चाक लहान असेल तर ते जास्त फेरे घ्यायला बघतं, आणि हा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर. म्हणून ट्रॅक्टरसारखं "फक्त मागं नवे घालू" हे इथं चालत नाही. जड स्टेपनी मागच्या दारावर लटकते, तेव्हा दार लावून-उघडून बघा, बिजागरीत खेळ आला असेल तर आत्ताच बघून घ्या.

हवा किती? गाडीच्या स्टिकरवरचा आकडा मूळ टायरचा आहे. पुन्हा खडूच घ्या. नक्षीवर आडवी पट्टी काढा, सरळ डांबरावर थोडं चालवा. मधलाच खडू पुसला तर हवा जास्त, कडांचाच पुसला तर कमी. एलटी असेल तर सुरुवातच स्टिकरपेक्षा चार-पाच पीएसआय वर करा. चिखलात १८-२० पर्यंत उतरवा, साध्या रिमवर १५ च्या खाली नको, आणि डांबरावर येण्याआधी पुन्हा भरा. गाडीत कॉम्प्रेसर नसेल तर हवा उतरवू नका.

यानंतर महिन्याभरात "ॲव्हरेज पडलं" म्हणून फोन येतो. थोडं पडतंच, टायर जड झालाय. पण थोडा घोळ मीटरचा. व्यास सुमारे ३.९ टक्के वाढला, म्हणजे मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ ला असते, आणि हजार किलोमीटर चाललात की मीटरवर ९६३ दिसतात. आधी त्याची भर घाला, मग तक्रार करा. घाटात एक गिअर लवकर पाडावा लागेल. उतारावर ब्रेक थोडा उशिरा धरल्यासारखा वाटेल, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा.

कायद्याचं न सांगता तुम्हाला सोडणं बरं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ स्वरूपापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर फाइलला लावून ठेवा. मडगार्डाच्या बाहेर आलेला टायर तर कुणीही लांबूनच ओळखतो.

जुने पाच टायर विकायची घाई करू नका. पुन्हा पासिंगची वेळ आली किंवा गाडी विकायची झाली की ते लागतात. धुऊन, कोरडे करून, उन्हापासून दूर, उभे ठेवा, आणि अधूनमधून थोडे फिरवत जा.