अर्धा पॉइंट विकत घेताय? या चुका टाळा

विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात आयपीएलचा भाव आणि सेशन (ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरचा सट्टा) पानठेल्यावर उभ्या पोट्ट्यालाही समजतं. हँडिकॅप, म्हणजे डाव ठरवताना एका संघाच्या गुणांत आधीच धरलेली वजाबाकी किंवा बेरीज, मात्र बहुतेकांना नवीन आहे. बुकीने दिलेल्या ज्या आयडीवर (सट्ट्याच्या ऑनलाइन खात्यावर) क्रिकेट चालतं, तिथेच आता अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, कबड्डीही दिसते. सोबत ‘अर्धा पॉइंट वाढवून घ्या, भाव थोडा कमी मिळेल’ अशी सोय असते. ही सोय दिसते स्वस्त, पण बहुतेक वेळा महागच पडते. का, ते पुढे आकड्यांत मांडलं आहे.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ प्रमाणे खेळावरचा सट्टा जुगारात मोडतो. २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ३० पैजेचा करार रद्दबातल ठरवतं. म्हणजे जिंकलेले पैसे बुकीने दिले नाहीत तर कोर्टातून वसूल होत नाहीत. तरी गावोगाव पैसे लागतात, आणि तेही चुकीच्या हिशोबावर, म्हणून हा हिशोब उघड मांडणं आम्हाला गरजेचं वाटतं.

काय विकत घेतो तेच माहीत नसणे

समजा एका संघाला −३.५ चा हँडिकॅप आहे. तो ४ किंवा जास्त गुणांनी जिंकला तरच तुमचा डाव लागतो. नेहमीचा भाव ११०० लावून १००० मिळवण्याचा. अर्धा पॉइंट विकत घेतला की हँडिकॅप −३ होतो आणि भाव १२०० ला १००० होतो. आता संघ बरोबर ३ गुणांनी जिंकला तर पैसे परत. आणखी अर्धा घेऊन −२.५ केलं तर ३ गुणांनी जिंकल्यावरही डाव लागतो, पण तेव्हा १३०० लावावे लागतात.

विकत घेतलेला अर्धा पॉइंट फक्त एकाच निकालावर कामी येतो: फरक बरोबर त्या आकड्यावर पडला तर. संघ १० ने जिंकला किंवा २ ने हरला, तर ते जादा १०० रुपये कशालाच लागले नाहीत. बरोबरीत सुटायला ११०० च्या भावात ५२.४ टक्के डाव लागावे लागतात. १२०० च्या भावात ५४.५ टक्के, १३०० च्या भावात ५६.५.

आकड्याची किंमत न मोजणे

सगळ्यात मोठी चूक हीच. मोजायची रीत सोपी आहे. जादा १०० रुपये फक्त हरलेल्या डावात जातात, आणि साधारण ४८ टक्के डाव हरतातच. म्हणजे प्रत्येक डावामागे खर्च पडतो ४८ रुपये. पैसे परत मिळण्याऐवजी १००० जिंकले, तर फायदा १००० चा. ४८ भागिले १०००, म्हणजे ४.८ टक्के. फरक बरोबर त्या आकड्यावर १०० पैकी किमान पाच सामन्यांत पडत असेल तरच तो अर्धा पॉइंट परवडतो. बुकीने जादा २०० मागितले तर हीच मर्यादा साडेनऊ टक्क्यांवर जाते.

शंभर डावांचा हिशोब घ्या. जादा खर्च सुमारे ४,८०० रुपये. तो आकडा तीनदाच पडला तर फायदा ३,००० चा. १,८०० रुपये निव्वळ गेले, आणि ते बुकीच्या नेहमीच्या वाट्याच्या वर. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे ४,८०० रुपये ही जवळपास एका पोत्याची रक्कम आहे, जी भाव बघताना ‘फक्त १००’ वाटते.

३ आणि ७ हे आकडे दुसऱ्या खेळात नेणे

पॉइंट विकत घेण्याचा सल्ला मुळात अमेरिकन फुटबॉलचा आहे. तिथे फील्ड गोलचे ३ गुण मिळतात, टचडाउन आणि त्यापाठची किक मिळून ७. म्हणून सामन्याचा फरक ३ वर सगळ्यात जास्त वेळा पडतो, ढोबळमानाने सातपैकी एका सामन्यात. पण यात दोन्ही बाजूंचे विजय आले. हँडिकॅप ३ असलेल्या सामन्यात फेव्हरेट संघ बरोबर ३ ने जिंकण्याचं प्रमाण नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास राहतं. जादा १०० रुपयांत हा आकडा मिळत असेल तर घेणं योग्य. बुक्यांनाही हे पक्कं माहीत आहे, म्हणून ३ च्या आसपासच्या अर्ध्या पॉइंटला ते २०० ते २५० मागतात किंवा तो विकतच नाहीत. २५० ला तोट्याचा सौदा होतो. ७ चं प्रमाण ३ पेक्षा बरंच कमी, तिथे १०० रुपयांतही जेमतेम जुळतं. ५ किंवा ९ साठी पैसे देणं तर सरळ तोटा.

बास्केटबॉलमध्ये असा ठळक आकडाच नसतो. फरक १ पासून २० च्या वर सगळीकडे पसरलेला, एका बाजूने कोणत्याही एका आकड्यावर तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त पडत नाही. तिथे ४.८ ची मर्यादा कधीच गाठली जात नाही. त्यातही वाईट म्हणजे −०.५ वरून ० घेणे. एनबीएत बरोबरी झाली की जादा वेळ खेळवतात, सामना बरोबरीत सुटतच नाही. ० वर कोणताही निकाल पडत नाही, म्हणजे १०० रुपये देऊन काहीच हाती आलं नाही. तरीही हे बटण यादीत दिसतं आणि लोक दाबतात.

कबड्डीचं नीट बघा, कारण आपल्याकडे हा खेळ समजणारे खूप आहेत आणि तोच आत्मविश्वास घात करतो. प्रो कबड्डीत अकराव्या हंगामापर्यंत ७ किंवा कमी गुणांनी हरणाऱ्या संघाला तक्त्यात १ गुण मिळायचा. त्यामुळे ८-९ ने मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटाला सामन्यासाठी नाही, तर फरक ७ वर आणण्यासाठी चढाई करायचा. पुढचा संघ वेळ काढायचा. म्हणून ७ या आकड्याला वजन होतं. २०२५ च्या बाराव्या हंगामात पद्धत बदलली: विजयाला २ गुण, पराभवाला शून्य, आणि बरोबरी झाली तर टायब्रेकर. ७ चं ते कारण गेलं, ० वर सामना सुटणंही गेलं. तरी जुन्या हिशोबाने ७ साठी जादा पैसे मोजणारे अजून आहेत. शिवाय ऑलआउटचे २ जादा गुण आणि सुपर टॅकलचे २ यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत फरक चार-पाचने सहज हलतो. अशा खेळात अर्ध्या गुणाला फार किंमत देऊ नये. स्पर्धा कोणतीही असो, आधी त्या हंगामाचा गुणांचा नियम वाचा.

सेशनमध्ये एक धाव ‘थोडीच’ समजणे

क्रिकेटमध्ये हीच गोष्ट सेशनच्या रूपात येते. सहा षटकांचं सेशन ४८ ला ‘येस’ आहे (४८ किंवा जास्त धावा झाल्या तर डाव लागतो), १०० वर ९० मिळतात. तुम्हाला ४७ हवं, तर भाव उतरतो. इथे पैसे परत नसतात, त्यामुळे एक धाव म्हणजे दोन अर्धे पॉइंट. टी-२० च्या पहिल्या सहा षटकांच्या धावा तिशीपासून सत्तरीपर्यंत पसरतात. मधल्या एकेका आकड्याच्या वाट्याला साधारण ३ टक्के येतात, थोडं वरखाली. त्या हिशोबाने एक धाव कमी घेतल्यावर १०० वर ८० च्या आसपास मिळायला हवेत. ७० मिळत असतील तर ती धाव महाग घेतली. दोन-तीन धावा ‘सेफ’ घेताना ही उतरण प्रत्येक धावेला तपासा.

जोडीच्या डावात पॉइंट घेणे

दोन-तीन सामने एकत्र बांधून सगळ्यांचे हँडिकॅप ६ पॉइंटने सोपे करून देतात, त्याला टीझर म्हणतात. दोन सामन्यांच्या टीझरचा भाव १२०० ला १००० असेल तर दोन्ही लागण्यासाठी प्रत्येक डाव ७४ टक्के वेळा लागायला हवा. अमेरिकन फुटबॉलमध्ये −८.५ चं −२.५ होतं तेव्हा ३ आणि ७ दोन्ही ओलांडले जातात, म्हणून तिथे यात काही अर्थ आहे. बास्केटबॉल किंवा कबड्डीत नाही.

हरल्यावर पॉइंट वाढवत जाणे

अर्ध्या पॉइंटने एक डाव हुकला की पुढच्या वेळी तिथेच अर्धा, मग एक, मग दीड घेतला जातो. प्रत्येक पावलाला भाव ११०० वरून १२००, १३००, १४०० होतो. १४०० ला बरोबरीसाठी ५८.३ टक्के डाव लागावे लागतात, आणि इतके डाव सातत्याने कोणाचे लागत नाहीत. हुकलेला डाव लक्षात राहतो, पण विकत घेतलेला पॉइंट कामी न आलेले वीस डाव विसरले जातात. म्हणून वहीत तीन रकाने ठेवा: जादा किती दिले, सामना कितीने सुटला, त्या अर्ध्या पॉइंटने निकाल बदलला का. पंधरा-वीस नोंदी झाल्या की तिसरा रकाना जवळपास रिकामा दिसेल.

बुकी उधारीवर आयडी देतो, तेव्हा हे अधिकच धोक्याचं. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे आणि पुढे कापसाचे चुकारे आले की वसुलीला माणूस दारात येतो, आणि तेव्हा घरात पेरणीची उचल आणि बियाण्याची बाकी असतेच. हरलेली रक्कम पॉइंट घेऊन परत मिळेल असं वाटू लागलं, झोप उडाली, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला, मराठीतही बोलता येतं.

आपलं बँक खातं वापरायला देणे

‘तुझ्या खात्यात पैसे येतील, हजारामागे थोडे तुझे’ असं सांगून एटीएम कार्ड आणि सिम मागतात. त्या खात्यातून सट्ट्याचे आणि फसवणुकीचे पैसे फिरतात आणि एका तक्रारीवर खातं गोठतं. शेतकरी सन्मान निधी किंवा पीकविम्याची रक्कमही त्याच खात्यात अडकते. असं झालं तर शाखेत लेखी अर्ज देऊन गोठवण्याचं कारण, कोणत्या पोलीस ठाण्याची तक्रार आणि तिचा नोंद क्रमांक मागा. खातेउतारा घेऊन त्या तपास अधिकाऱ्याकडे स्वतः जा, मध्यस्थाला पैसे देऊ नका. तुमचीच फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार नोंदली गेली तर ते रोखता येण्याची शक्यता जास्त असते.