वडाप, भाड्याची भांडी आणि ग्राफिक्स ड्रायव्हरमधली मेमरी

लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये काम करायला लागलो तेव्हा माझ्या लेखी मेमरी म्हणजे मेमरी, मग ती कुठलीही असो. पहिल्याच महिन्यात एक फुटकळ वाटणारं काम आलं: स्क्रीनवरची फ्रेम उचलून फाइलमध्ये टाकणारं टूल लिहायचं. १९२० गुणिले १०८०, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ८२,९४,४०० बाइट. ४०९६ बाइटच्या पेजमध्ये (मेमरीची वाटणी ज्या ठरावीक तुकड्यांत होते ते) मोजले तर बरोबर २०२५ पेजेस. एवढी कॉपी आजच्या प्रोसेसरसाठी किरकोळच. तरी टूल असं रखडायचं की बघवत नव्हतं. मी चार दिवस कॉपीच्या लूपशी झटापट केली, कंपायलरचे फ्लॅग बदलले. शेवटी आमच्या लीडने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "अरे, वाचतोयस कुठून ते बघितलंस का?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फ्रेम ज्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीच्या ज्या भागात, होती तो साध्या रॅममध्येच होता, पण राइट-कम्बाइन्ड म्हणून मॅप केलेला.

नवीन माणसाने सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट हीच. एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवर, प्रत्येक पेजला एक स्वभाव असतो. नेहमीचं पेज राइट-बॅक: लिहिलेलं आधी कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, राहतं, सवडीने रॅममध्ये जातं. जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) जर मुख्य प्रोसेसरच्या कॅशमध्ये डोकावत नसेल, तर त्याला रॅममधला शिळा डेटा दिसणार. म्हणून अशा बफरची पेजेस अनकॅश्ड किंवा राइट-कम्बाइन्ड करतात. राइट-कम्बाइन्ड म्हणजे आपली वडाप जीप. सुटे सुटे बाइट एका छोट्या बफरमध्ये, बहुधा ६४ बाइटच्या, बसत जातात आणि गाडी भरली की एकदम निघते. लिहायला झकास. परत येताना मात्र वडाप नाही. प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र रिक्षा. वाटेत कॅशच नसल्याने प्रत्येक वाचन थेट मेमरीपर्यंत जाऊन येतं. मी नेमकं तेच वीस लाख वेळा करत होतो, चार-चार बाइट. उपाय अर्ध्या दिवसाचा निघाला: जीपीयूकडूनच फ्रेम एका राइट-बॅक बफरमध्ये कॉपी करून घ्यायची आणि तिथून वाचायची. (प्रोसेसरच्या एसएसई ४.१ या सूचनासंचात अशा वाचनासाठी स्ट्रीमिंग लोडची खास सूचना आहे, इंटेलचा आय९१५ ड्रायव्हर ती वापरतो. पण आधी वाचन टाळता येतंय का ते बघा.)

यातूनच मी टीटीएमकडे वळलो. ग्राफिक्स मेमरी सांभाळणारा हा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग २००९ मध्ये २.६.३१ बरोबर आला. पुढच्याच वर्षी त्यात पेजेसचा पूल, म्हणजे राखून ठेवलेला साठा, आला. पूल कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. कर्नलकडे पेज मागितलं की पटकन मिळतंच की. मिळतं, पण राइट-बॅक मिळतं. महागाई आहे ती स्वभाव बदलण्यात. कर्नलने सगळी रॅम स्वतःसाठी आधीच मॅप करून ठेवलेली असते. एकच पेज कर्नलला राइट-बॅक आणि तुमच्या प्रोग्रॅमला राइट-कम्बाइन्ड दिसून चालत नाही, म्हणून कर्नलची नोंदही बदलावी लागते. तिथे २ एमबीचं मोठं पेज असेल तर ते फोडून ४ केबीचे तुकडे करावे लागतात. मग सगळ्या कोअरवरचा टीएलबी (पत्त्यांच्या नोंदींची कॅश) साफ करायचा, कॅश रिकामी करायची. एका बफरसाठी एकदा ठीक आहे. गेम चालू असताना दर फ्रेमला हे केलं तर मशीन गुडघे टेकतं.

म्हणून काम संपलेली पेजेस टीटीएम सिस्टीमला लगेच परत देत नाही. लग्नाच्या भाड्याच्या भांड्यांसारखं आहे ते. परत आलेलं पातेलं घासून फळीवर ठेवायचं, पुढच्या गिऱ्हाइकाला तेच द्यायचं. घासणं इथे शब्दशः आहे: पूलमध्ये ठेवताना पेज शून्याने भरतात, नाहीतर तुमच्या ब्राउझरमधलं चित्र दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या हाती लागेल. रॅमची टंचाई झाली की श्रिंकर, म्हणजे मेमरी परत मिळवणारा कर्नलचा कोड, येऊन फळीवरची भांडी काढून नेतो, आणि तेव्हा प्रत्येक पेज पुन्हा राइट-बॅक करावं लागतं. म्हणजे खर्च टळत नाही, पुढे ढकलला जातो. आणि नेमका मशीन आधीच घामाघूम असताना अंगावर येऊ शकतो.

पूर्वी टीटीएममध्ये असे दोन वेगवेगळे पूल होते, एक साधा आणि एक डीएमएचा (उपकरणाने रॅम थेट वाचण्या-लिहिण्यासाठीचा). एएमडीच्या क्रिस्टियान क्योनिग यांनी ते काढून एकच नवा पूल लिहिला. तो २०२१ च्या सुरुवातीला आलेल्या ५.११ कर्नलमध्ये आहे. वाचायला सुरुवात 'टीटीएम पूल' नावाच्या त्याच फाइलपासून करा. आटोपशीर आहे, दोन-तीन संध्याकाळी पुरतात. जुन्या ब्लॉगपोस्टी वाचून गोंधळू नका, त्यातली अर्धी फंक्शनं आता नाहीत.

माझी अजून एक फजिती. डिबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागी, टीटीएमच्या फोल्डरमध्ये 'पेज पूल' नावाची फाइल असते; ऑर्डरप्रमाणे किती पेजेस पडून आहेत ते दाखवते. (ऑर्डर म्हणजे दोनाचा घात, ऑर्डर ९ म्हणजे ५१२ पेजेस, २ एमबी.) मी बफर बनवतोय, सोडतोय, आकडा हलत नाही. दोन दिवस बग शोधला. बग नव्हताच. माझे बफर राइट-बॅक होते, त्यांचा स्वभाव बदलायचाच नव्हता, म्हणून ती पेजेस पूलकडे न जाता थेट सिस्टीमकडे जात होती.

"भारी ग्राफिक्स कार्ड नाही, मग शिकू कसं?" असं बरेच जण विचारतात. २०२३ पासून टीटीएमला केयुनिटच्या (कर्नलच्या युनिट टेस्ट लिहायच्या चौकटीच्या) चाचण्या आहेत, पूलच्याही. त्या यूएमएलवर, म्हणजे साध्या प्रोसेससारख्या चालणाऱ्या कर्नलवर धावतात. कार्ड लागतच नाही. एक चाचणी चालवा, मग पूलच्या कोडमध्ये पेज परत घेण्याची ओळ मुद्दाम मोडा आणि कुठली चाचणी लाल होते ते बघा. एकही झाली नाही, तर तुमचा पहिला पॅच सापडला: ती चाचणी लिहा.