जुना गीझर: दुरुस्त करायचा की काढून टाकायचा?

डिसेंबरात सकाळी पाणी कोमट यायला लागलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "दहा वर्षं झाली, आता नवीनच आणा." दुसरा म्हणतो, "चालतोय ना अजून?" माझी बरीच वर्षं जहाजावर इंजिन रूममध्ये गेली. तिथल्या गरम पाण्याच्या टाकीला, म्हणजे कॅलोरिफायरला, आम्ही वय विचारत नसू. ती आतून किती खाल्ली गेलीय ते बघत असू. घरचा टाकीवाला गीझर हे त्याचंच धाकटं भावंड. कॉइल, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह, गॅस्केट सगळं बदलता येतं, पण टाकी गेली की गीझर गेला. तेव्हा बिघाड टाकीत आहे की टाकीबाहेर, एवढंच शोधायचंय.

गळती कुठून आहे ते आधी पकडा

बाथरूमच्या स्विचवर भागवू नका, थेट मेन बोर्डातला गीझरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली करा. गीझर गार झाला की कोरड्या फडक्याने बूड आणि नळ्यांचे जोड पुसून घ्या. प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळा आणि तासाभराने या. जो ओला झाला तो चोर. जोडाची गळती वॉशर किंवा टेफ्लॉन टेपने थांबते.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडत असतील तर घाबरू नका. पाणी तापलं की फुगतं. 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर गेलं की सुमारे पाव लिटर वाढतं, आणि मागे परतायला वाट नसेल तर ते व्हॉल्व्हमधूनच बाहेर येणार. तो त्याचं काम करतोय. थेंब पडतात म्हणून तिथे बूच मारणारे महाभाग मी पाहिलेत. तसं कधीही करू नका. गार असतानाही तो सतत गळत असेल तर मात्र बदलून घ्या.

जोड कोरडे, व्हॉल्व्ह कोरडा, तरी बुडातून पाणी? मग इलेक्ट्रिशियनकडून खालचं झाकण उघडून घ्या. कॉइलच्या फ्लँजभोवती, म्हणजे ती टाकीला जिथे बसवलीय त्या चकतीभोवती, ओल असेल तर गॅस्केट (मधलं वॉशर) गेलंय, किरकोळ काम. तिथेही कोरडं असून पाणी पत्र्याच्या आतून, फोममधून झिरपत असेल तर टाकी फुटलीय. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. गीझर टाकण्याआधी वॉरंटी कार्ड मात्र शोधा, कारण टाकीची वॉरंटी बहुतेक वेळा बाकीच्या भागांपेक्षा जास्त वर्षांची असते.

पांढरा मग घ्या

एकदा गार नळाचं आणि एकदा गरम नळाचं पाणी भरून बघा. दोन्ही तांबूस असेल तर दोष सोसायटीच्या टाकीचा किंवा नळ्यांचा. फक्त गरम तांबूस आणि रोजच तसं, तर लोखंडी टाकी आतून गंजतेय. तिचे दिवस भरत आलेत.

पाण्यातून शॉक बसत असेल तर

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या क्षणापासून गीझर बंद. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडत असेल तरीही तेच. बहुधा कॉइलचं आवरण फुटलेलं असतं आणि अर्थिंग नीट नसतं. कॉइल बदलता येते, पण अर्थिंग तपासल्याशिवाय नवा गीझर लावलात तरी धोका घरातच राहील.

घड्याळ लावा

2 किलोवॅटचा 15 लिटरचा गीझर 20 अंशांचं पाणी 60 वर न्यायला साधारण 21 मिनिटं घेतो. व्होल्टेज 230 ऐवजी 200 असेल तर हीच वेळ 28 मिनिटांच्या आसपास जाते, आणि त्यात गीझरची काही चूक नसते. गीझरवरचा दिवा सात-आठ मिनिटांतच विझला आणि पाणी कोमटच असेल तर थर्मोस्टॅटवर क्षार चढलाय किंवा तो बिघडलाय.

दिवा वेळेवर विझतो, तरी नळाला कोमटच? गीझरचा इनलेट कॉक बंद करा आणि मिक्सरची फक्त गरम बाजू सोडा. थोड्या वेळाने धार थांबायला हवी. नाही थांबली तर कुठल्यातरी मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत शिरतंय. आमच्या मावशीने याच कारणासाठी चांगला गीझर भंगारात दिला आणि नव्यातूनही कोमटच पाणी आलं. दोष होता वॉशबेसिनच्या मिक्सरमध्ये.

आतून बघा

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ही पायरी टाळू नका. तापताना आतून तडतड, गुडगुड ऐकू येते ती क्षाराच्या थराखाली अडकलेलं पाणी उकळल्याची. त्याने बिल फार वाढत नाही, कारण कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण कॉइल मात्र आतल्या आत भाजून मरते. पाणी काढून कॉइल बाहेर घेतली की अंड्याच्या कवचासारखे पांढरे पापुद्रे बादलीभर निघतात.

त्याच वेळी मॅग्नेशियमचा रॉड बघायला मागा. हा ॲनोड रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो. बहुतेक घरांत तो आहे हेच कुणाला माहीत नसतं. जाड उरला असेल तर टाकीचं आयुष्य शिल्लक आहे. मधली तारच दिसत असेल तर लगेच नवा बसवा. तार दिसतेय आणि पाणीही तांबूस येतंय, तर आता रॉडवर पैसे घालू नका.

माझा हिशोब असा: टाकी धड असेल आणि दुरुस्ती नव्याच्या एक तृतीयांशात बसत असेल तर गीझर 12 वर्षांचा असला तरी ठेवायचा. वर्षात दुसऱ्यांदा कॉइल जळाली तर आधी पाण्याचा इलाज करा, कारण नवी कॉइलही तशीच जळेल.

नवा घ्यायचाच झाला तर उंच इमारतीत किती बारचा, म्हणजे पाण्याचा किती दाब सोसणारा, आहे ते विचारा. वरच्या टाकीपासून दर 10 मीटर खाली साधारण एक बार दाब वाढतो, म्हणून एकाच टाकीवरच्या इमारतीत खालच्या मजल्यांना जास्त दाब सोसावा लागतो. तिथे 8 बारचा घ्या. भिंतीतले जुने खिळे वापरू देऊ नका. 25 लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचंच 25 किलो वजन. गरम नळातून फुसफुस थांबून सलग धार येईपर्यंत स्विच चालू करू नका. आणि बसवल्याची तारीख मार्करने बुडावर लिहून ठेवा. रॉड बघायला पुढच्या वर्षी ती लागेल.